मोल्सवर्थ : एका आडनावाची व्युत्पत्ती आणि गणना

मराठीच्या अभ्यासकांत 'मोल्सवर्थ' हे एका माणसाचे नाव म्हणून क्वचितच उच्चारले जाते. 'मोल्सवर्थमध्ये पाहा', 'मोल्सवर्थ काय म्हणतो', 'हा शब्द मोल्सवर्थात नाही' अशा वाक्यांतून ते येते आणि ऐकणाऱ्याच्या मनात एक जाडजूड ग्रंथ उभा राहतो. विशेषनामाचे सामान्यनाम व्हावे इतका हा ग्रंथ आपल्या व्यवहारात मुरला आहे. परंतु ज्या कोशात आपण सहस्रावधी शब्दांचे अर्थ शोधतो, त्या कोशाच्या नावाचा अर्थ शोधण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही. तो येथे शोधावा असा आमचा विचार आहे. इंग्रजीतले हे एक दुर्मिळ आडनाव. ते कोठून आले, त्याचा अर्थ काय, आणि दुर्मिळ आडनावांची गणना नेमके काय सांगते, हे पाहिल्यावर आपल्याच घरातला एक प्रश्न पुढे येतो. त्याकडे शेवटी वळू.

प्रथम व्युत्पत्ती. मोल्सवर्थ हे मुळात एका खेड्याचे नाव आहे. हे खेडे इंग्लंडच्या पूर्व भागात, पूर्वीच्या हंटिंग्डनशायर परगण्यात आहे. १९७४ पासून हा प्रदेश केंब्रिजशायरमध्ये मोडतो. विल्यम राजाने १०८६ मध्ये करविलेल्या जमीनपाहणीत, म्हणजे डूम्सडे बुकात, हे गाव 'मोल्सवर्द' अशा रूपात नोंदलेले आहे. जुन्या इंग्रजीत 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली जागा, घर आणि त्याभोवतीचे आवार. टॅमवर्थ, केनिलवर्थ, वँड्सवर्थ ही गावे याच घडणीची. पुढे लागणारे पद बहुधा त्या आवाराच्या धन्याचे नाव असते. येथे ते 'मूल' असे आहे. म्हणजे मोल्सवर्थ या शब्दाचा अर्थ 'मूल नावाच्या माणसाचे आवार'. मराठीत सांगायचे तर 'मूलवाडी'. आपला 'वाडी' हा शब्दही कुंपण या अर्थाच्या संस्कृत 'वाट' शब्दाकडे जातो. दोन्ही शब्दांत नाते नाही, पण गाव वसविण्याची आणि त्याला नाव देण्याची रीत दोन्हीकडे एकच दिसते.

हा मूल कोण होता? 'मूल' या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ खेचर. तो लॅटिनमधून आलेला. वेसेक्सचा राजा कॅडवाला याच्या भावाचे नाव मूल होते. ६८७ मध्ये केंटच्या लोकांनी त्याला जाळून मारल्याची नोंद जुन्या इंग्रजी बखरीत आहे. मोल्सवर्थचा मूल तो नव्हे. पण हे नाव राजघराण्यातही चालत होते, एवढे यावरून कळते. खेचर हा संकरातून जन्मणारा प्राणी, त्यामुळे मिश्र वंशाच्या माणसाला हे टोपणनाव पडत असावे, असा तर्क केला जातो. माणसाला खेचर म्हणावे आणि तेच त्याचे आदरणीय नाव व्हावे, यात मराठी वाचकाला आश्चर्य वाटू नये. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावामागे परंपरेने अशीच एक कथा सांगितली आहे.

या ठिकाणी दोन फसव्या व्युत्पत्तींचा समाचार घेणे अवश्य आहे. इंग्रज वाचकाला या नावात 'मोल' हा जमीन उकरणारा प्राणी दिसतो आणि 'वर्थ' म्हणजे किंमत असे वाटते. मराठी वाचकाचा मोह तर याहून मोठा. मोल म्हणजे मूल्य आणि वर्थ म्हणजेही मूल्य. शब्दांचे मोल जाणणाऱ्या कोशकाराला दोन भाषांत मिळून दुहेरी मोलाचे आडनाव मिळावे, हा योगायोग एखाद्या कीर्तनकारालाही सुचला नसता. पण तो योगायोगच. आपले 'मोल' संस्कृत 'मूल्य' शब्दावरून आले. इंग्रजीतला प्राणिवाचक 'मोल' हा शब्द डूम्सडे बुकानंतर कितीतरी काळाने लेखनात दिसू लागतो. आणि किंमत या अर्थाचा 'वर्थ' व आवार या अर्थाचा 'वर्थ' हे जुन्या इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते. उच्चार झिजून ते एकरूप झाले. हीच गत वर्ड्‌स्वर्थची. शब्दप्रभू कवीचे ते आडनाव 'शब्दांचे मोल' सांगत नाही. यॉर्कशायरमधल्या वॉड्सवर्थ या गावनामाचे ते बदललेले रूप आहे, आणि त्या गावनामाचा अर्थ 'अमुक नावाच्या माणसाचे आवार' एवढाच. व्युत्पत्तिशास्त्र अनेकदा असा रसभंग करते.

गावाचे नाव माणसाचे आडनाव कसे होते? आपल्याकडे पुण्यातच राहणाऱ्याला पुणेकर हे आडनाव सहसा पडत नाही. पुणे सोडून दुसरीकडे गेलेल्याला पडते. इंग्लंडातही नियम तोच. मोल्सवर्थ गावात सगळेच मोल्सवर्थचे, तेव्हा त्या नावाने एकाला दुसऱ्यापासून वेगळे करता येत नाही. गाव सोडल्यावरच गावाचे नाव उपयोगी पडते. त्यामुळे स्थलवाचक आडनाव म्हणजे स्थलांतराचा पुरावा होय. नॉर्मन विजयानंतरच्या तीन-साडेतीन शतकांत इंग्लंडच्या बहुतेक भागांत ही नावे वंशपरंपरागत झाली. १५३८ पासून चर्चच्या नोंदवह्यांत जन्म, विवाह, मृत्यू लिहिले जाऊ लागले आणि आडनावे कागदावर स्थिरावली. लहान खेड्यावरून पडलेले आडनाव बहुधा एका किंवा थोड्याच घराण्यांपासून सुरू होते, म्हणून ते दुर्मिळ राहते. लोहार मात्र गावोगाव असतो, म्हणून स्मिथ हे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मते.

ही तफावत आकड्यांत पाहण्याचा पहिला मोठा प्रयत्न इंग्लंड व वेल्सच्या जन्ममृत्यू-निबंधकाने १८५३ च्या वार्षिक अहवालात केला. त्यात स्मिथांची संख्या अंदाजे २,५३,६०० आणि जोन्सांची २,४२,१०० दिली आहे. दर ७३ माणसांत एक स्मिथ, असे हे प्रमाण. सर्वांत मोठ्या ५० आडनावांत लोकसंख्येतले दर शंभरी सुमारे १८ लोक सामावत होते. दुसऱ्या टोकाला, नमुना म्हणून तपासलेल्या २,७५,४०५ नोंदींत ३२,८१८ निरनिराळी आडनावे निघाली. म्हणजे एका आडनावामागे सरासरी जेमतेम ८ माणसे. अर्थात येथे लेखनातला एका अक्षराचा फरकही वेगळे आडनाव म्हणून धरला आहे. तरीही निष्कर्ष स्पष्ट आहे : मूठभर आडनावे फार मोठी, आणि उरलेली हजारो लहान. मोल्सवर्थ या दुसऱ्या गटातले.

पुढे १८९० मध्ये हेन्री गपी याने व्यापारी निर्देशिकांतून शेतकऱ्यांची नावे घेऊन प्रत्येक परगण्यात दर दहा हजारी प्रमाण काढले. शेतकरी निवडण्याचे कारण असे, की तो जमिनीला बांधलेला, सर्वांत कमी हलणारा. आडनावाचे घर शोधायचे तर न हलणाऱ्याकडे पाहावे, ही त्याची दृष्टी. २०१६ मध्ये ऑक्सफर्डने ब्रिटन व आयर्लंडमधल्या आडनावांचा चार खंडांचा कोश प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ४५ हजार नोंदी असून २०११ साली शंभराहून अधिक लोक धारण करीत असलेल्या प्रत्येक आडनावाला जागा देण्याचा संकल्प होता. आनुवंशशास्त्रानेही यात भर घातली. लेस्टर विद्यापीठातल्या किंग आणि जॉब्लिंग यांनी २००९ मध्ये ४० आडनावांच्या पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. स्मिथांत परस्परांचे नाते यादृच्छिक माणसांइतकेच निघाले. दुर्मिळ आडनावांत मात्र एकाच पूर्वजाची खूण पुष्कळांत आढळली. दुर्मिळ आडनाव हे अनेकदा खरेच एक कुटुंब असते.

मग दुर्मिळ आडनावे टिकतात कशी? हा प्रश्न फ्रान्सिस गाल्टनने १८७३ मध्ये गणितज्ञांपुढे ठेवला. प्रत्येक पिढीत काही पुरुषांना मुलगा होत नाही, काहींना एक, काहींना दोन. असे चालले तर किती आडनावे लोपतील? हेन्री वॉटसन या पाद्री-गणितज्ञाने उत्तर काढले आणि दोघांचा निबंध १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. वॉटसनचा निष्कर्ष असा, की कालांतराने सगळीच आडनावे नष्ट होतील. तो चूक होता. सरासरी एकाहून अधिक मुलगे होत असतील तर आडनाव टिकण्याची काही ना काही शक्यता उरते, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. त्या कामात ज्यांचा वाटा होता त्या जे. बी. एस. हाल्डेन यांनी आयुष्याची शेवटची वर्षे भारतात काढली व १९६४ मध्ये भुवनेश्वरला देह ठेवला. पण टिकण्याची शक्यता असली तरी ती लहानच. अमेरिकेतल्या १९२० च्या आकड्यांवरून लोटकाने दाखविले, की वाढत्या लोकसंख्येतही एका पुरुषापासून सुरू झालेली वंशरेषा खुंटण्याची शक्यता चार-पंचमांशाहून जास्त आहे.

या गणितात एक गृहीत दडले आहे. नाव फक्त मुलग्यामार्फत चालते, असे ते धरते. साहित्याचा इतिहास याला संमती देत नाही. मोल्सवर्थ हे आडनाव इंग्रजी वाङ्मयात ज्यांनी सर्वांत घरोघरी नेले त्या 'मिसेस मोल्सवर्थ' जन्माने स्ट्यूअर्ट होत्या. १८७७ मधले त्यांचे 'द कुकू क्लॉक' हे बालवाङ्मयातले मान्य पुस्तक आहे. रॉबर्ट मोल्सवर्थने १६९४ मध्ये डेन्मार्कच्या राजवटीवर लिहिलेले पुस्तक युरोपभर वाचले गेले, आणि स्विफ्टने आपल्या ड्रेपियरच्या पत्रांपैकी एक त्यालाच उद्देशून लिहिले. सर विल्यम मोल्सवर्थने १८३९ ते १८४५ या काळात हॉब्जचे समग्र ग्रंथ संपादित केले. १९५३ पासून इंग्रज वाचकाला मोल्सवर्थ म्हटले की जेफ्री विलन्स आणि रोनाल्ड सर्ल यांचा शुद्धलेखनाशी वैर धरणारा शाळकरी नायजेल आठवतो. इंग्लंडात हे आडनाव अशुद्ध लिहिणाऱ्या पोराचे आणि महाराष्ट्रात शुद्ध शब्द ठरविणाऱ्या कोशकाराचे, हा विनोद नियतीचाच.

आता आपला मोल्सवर्थ. जेम्स टॉमस मोल्सवर्थ १७९५ मध्ये जन्मला, कोवळ्या वयात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात आला, आणि १८७१ मध्ये इंग्लंडात वारला. धर्मश्रद्धेमुळे त्याने लष्करी पेशा सोडला. ज्या खेड्याने त्याला आडनाव दिले तेथे पुढे दुसऱ्या महायुद्धात विमानतळ झाला आणि १९८० नंतर क्षेपणास्त्रांविरुद्ध शांततावाद्यांची छावणी पडली, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. वाचकाला मात्र त्यात एक संगती दिसेल. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, टॉमस कँडीसह केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये, आणि पहिल्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. आपल्या लोकांनी त्याला 'मोलेसरशास्त्री' केले. सातशे-आठशे वर्षे झिजत आलेल्या शब्दाला मराठी जिभेने आणखी एकदा घासले आणि त्यातला खेचर व आवार दोन्ही पुसून टाकले. १९७५ मध्ये पुण्यात या कोशाचे पुनर्मुद्रण झाले; आज तो संगणकावरही चाळता येतो. गाल्टनच्या सूत्रात ही वंशरेषा बसत नाही.

परंतु कोशाच्या मुखपृष्ठावर मोल्सवर्थ आणि कँडी ही दोनच आडनावे आहेत. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८२९ मध्ये, 'महाराष्ट्र भाषेचा कोश' निघाला होता. तो सिद्ध करणाऱ्यांत जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल आणि परशुरामपंत गोडबोले होते. मोल्सवर्थच्या कोशाची इमारत या शास्त्रीमंडळाच्या शब्दसंग्रहावर उभी राहिली. फडके, जोशी, गोडबोले ही आपल्याकडची 'स्मिथ'कुळातली आडनावे म्हणता येतील. क्रमवंत आणि घगवे तशी नाहीत. 'क्रमवंत' हा शब्द ऐकताच वेदांच्या क्रमपाठाची आठवण होते. दुर्मिळतेच्या कसोटीवर ही दोन नावे मोल्सवर्थच्या शेजारी सहज बसावीत. पण 'क्रमवंतांत पाहा' असे आपण म्हणत नाही.

मोल्सवर्थचे श्रेय कमी करावे असा आमचा हेतू नाही. शब्दांना इंग्रजी अर्थ देणे, बोलीतले आणि शिष्ट शब्द ओळखून तसे टिपणे, पुन्हा येऊन सारा ग्रंथ नव्याने रचणे, हे काम त्याचेच, आणि त्याला मराठीत तोड नाही. मुद्दा नावांच्या टिकण्याचा आहे. आडनाव रक्ताने टिकते असे गणित मानते. ते मुखपृष्ठाने टिकते असे वाङ्मयाचा इतिहास दाखवितो. आणि मुखपृष्ठावर कोणी यायचे हे प्रत्येक वेळी केवळ गुणवत्तेने ठरत नाही, ते सत्तेनेही ठरते. १८३१ मध्ये ते सरकारने ठरविले. आज आपल्या टिपांत, वर्गांत आणि प्रबंधांत ते आपण ठरवितो. पुढच्या वेळी मोल्सवर्थ उघडताना शिक्षकाने विद्यार्थ्यांना १८२९ चा कोशही दाखवावा आणि ती सहा नावे एकदा फळ्यावर लिहावीत, एवढेच आम्ही सुचवितो. मूल नावाच्या माणसाचे आवार मोठे झाले, कारण त्यात पुष्कळ जण राबले.