‘हू’चं कूळ, ‘कोण’चं गोत

कर्जतच्या फलाटावर गाडी लागली की कुणीतरी विचारतंच, ‘खोपोली का ही?’ उत्तर येतं, ‘नाही, खोपोलीला जाणारी मागून येतेय.’ ‘जाणारी’ या एका शब्दात मराठी माणूस जे उरकतो, त्यासाठी इंग्रजी बऱ्याचदा ‘दि ट्रेन विच गोज टु खोपोली’ असा लांबचा वळसा घेते. कर्जत-खालापूरच काय, कुठल्याही मराठी शाळेतलं मूल अडखळतं ते याच वळशावर. ‘जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ’ याचं ते ‘विच बॉय केम यस्टर्डे, ही इज माय ब्रदर’ करतं. ही चूक खरीच, पण तिच्यामागे मराठीचं शिस्तशीर व्याकरण उभं आहे.

‘हू’ आणि ‘कोण’ मुळात एकाच कुळातले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका उगमातून निघाल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स यांनी 1786 साली कोलकात्यात मांडलं. पुढे 1822 मध्ये याकोब ग्रिम यांनी ध्वनिबदलांचे नियम सांगितले. त्यांतल्या एकानुसार मूळचा ‘क’ जर्मानिक भाषांत ‘ह’ झाला. म्हणून संस्कृतात ‘कः’, लॅटिनमध्ये ‘क्विस’ आणि जुन्या इंग्रजीत ‘ह्वा’. या ‘ह्वा’तला ‘व’ पुढे उच्चारातून गळाला आणि ‘हू’ उरला. इकडे ‘कः पुनः’चं ‘कवण’ झालं, ज्ञानेश्वरीत ते भेटतं, आणि त्याचाच झिजून ‘कोण’ झाला. ‘विच’ची घडण तर आणखी ओळखीची. ‘ह्वा’ला ‘रूप’ या अर्थाचा ‘लिक’ जोडून तो बनला, म्हणजे ‘कशा रूपाचा’. संस्कृतातला ‘कीदृश’ याच विचाराने घडलेला आहे.

पळसदरीला पुण्याची आणि खोपोलीची लाइन वेगळी होते, तशा या दोन भाषा संबंधी सर्वनामापाशी फुटल्या. मराठीने प्रश्नाला ‘क’ ठेवला आणि जोडणीला संस्कृत ‘यः’पासून आलेला ‘ज’. कोण-जो-तो, कुठे-जिथे-तिथे, केव्हा-जेव्हा-तेव्हा, कसा-जसा-तसा. काय देखणी रांग आहे ही! इंग्रजीत मधली ओळच नाही. जुनी इंग्रजी जोडणीसाठी वेगळे शब्द वापरायची, मग ‘दॅट’ने ते काम केलं आणि हळूहळू प्रश्नाचेच शब्द जोडणीला आले. त्यांत ‘विच’ आधी रुळला, कर्त्याच्या जागी ‘हू’ बराच नंतर. माणसाला ‘हू’ आणि वस्तूला ‘विच’ ही वाटणी तर त्याहून अलीकडची. 1611च्या इंग्रजी बायबलात प्रभूच्या प्रार्थनेत साक्षात देवासाठीही ‘विच’ आहे.

मराठीचा ‘जो’ लिंग पाहतो. माणूस की वस्तू, हे तो विचारत नाही. ‘जो मुलगा’ आणि ‘जो डोंगर’ दोन्ही त्याला चालतात. मुलाच्या तोंडून ‘विच बॉय’ निघतं ते म्हणूनच. त्याच्या वाक्यातला जादा ‘ही’सुद्धा आपला ‘तो’च. जो आला की तो यायलाच हवा, हा मराठीचा दंडक मूल इमानाने पाळतं.

‘हूम’ची गोष्ट वेगळी. ‘कोणाला’ म्हणजे ‘हूम’ आणि ‘कोणाचा’ म्हणजे ‘हूज’, ही किल्ली बहुतेक कुलपांना लागते. ‘तू कोणाला भेटलास?’ इथे ‘हूम’ बिनचूक. पण ‘कोणाला माहीत आहे?’ याचं इंग्रजी ‘हू नोज’. उलट ‘तिला कोण आवडतं?’ इथे मराठीत प्रत्यय नाही, तरी नियमाच्या इंग्रजीत ‘हूम’ हवा. ‘खोपोलीचा तलाव कोणी बांधला?’ उत्तर नाना फडणवीस, आणि ‘कोणी’त प्रत्यय आहे तरी इंग्रजीत सरळ ‘हू’. प्रत्यय बघून चालत नाही, इंग्रजी क्रियापदाचा कर्ता शोधावा लागतो. उत्तरात ‘ही’ बसला तर ‘हू’, ‘हिम’ बसला तर ‘हूम’.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरच्या ठाकूर आणि कातकरी मुलांना तर शाळेची मराठीही नव्याने शिकावी लागते, वर ही तिसरी भाषा. शिक्षकांनी ‘विच बॉय’वर लाल रेघ मारण्याआधी फळ्यावर कोण-जो-तो लिहावं, शेजारी हू-हू-ही लिहावं, आणि इंग्रजीत एकच शब्द दोन जागी का राबतो ते मुलांना त्यांच्या बोलीत सांगावं.