पर्यावरणरोधक लेप

सिलिकॉन कार्बाइडच्याच तंतूंनी बळकट केलेल्या सिलिकॉन कार्बाइड संमिश्रावर, ते टर्बाइन इंजिनाच्या तप्त भागात टिकावे म्हणून चढवला जाणारा बहुस्तरी सिरॅमिक लेप. नावातले ‘पर्यावरण’ जरा फसवे आहे. ते इंजिनाबाहेरचे नव्हे, आतल्या तप्त वायूंचे. आणि त्यातही खरा शत्रू पाण्याची वाफ. निकेल मिश्रधातूच्या पात्यांवरील झिर्कोनियाचा लेप धातूला आचेपासून जपतो. या लेपाचे काम कल्हईच्या जवळचे आहे: कल्हईने भांडे थंड राहत नाही, पण आंबट पदार्थ पितळेला लागत नाही.

या संमिश्राची घनता निकेल मिश्रधातूच्या सुमारे एक तृतीयांश असते आणि धातू जिथे मऊ पडतो तिथेही ते ताठ राहते. कोरड्या हवेत तापवले की त्यावर सिलिकाचा पापुद्रा धरतो आणि तोच पुढचे ऑक्सिडीकरण रोखतो. इंजिनात मात्र इंधन जळताना वाफ तयार होते. साधारण 1200° से.ला ती सिलिकाशी संयोग पावते, सिलिकॉन हायड्रॉक्साइड वायुरूपात झोताबरोबर निघून जाते. पापुद्रा पुन्हा धरतो, पुन्हा जातो आणि भाग झिजत राहतो. कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड येथे एका औद्योगिक टर्बाइनमधील ज्वलनकक्षाची लेपाविना अस्तरे सुमारे 5,000 तासांत बरीच खालावली. लेप दिलेली जवळपास 14,000 तास चालली.

वाफेला दाद न देणारी द्रव्ये आहेत, पण ती संमिश्रावर टिकली पाहिजेत. झिर्कोनिया तापल्यावर सिलिकॉन कार्बाइडच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतो, म्हणून तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत तडकतो. म्युलाइटचे प्रसरण जुळते. परंतु प्लाझ्मा फवारणीत तो झटकन निवून काचेसारखा बसतो, पुढे स्फटिकरूप घेताना भेगाळतो, आणि त्यातला सिलिका वाफ खातेच. नंतर आलेला बेरियम-स्ट्राँशियमचा ॲल्युमिनोसिलिकेट 1300° से.च्या वर सिलिकाशी मिळून वितळू लागतो. आज भर इटर्बियमसारख्या विरळ मृदा मूलद्रव्यांच्या सिलिकेटांवर आहे. त्यांतही तडजोड आहेच: मोनोसिलिकेट वाफेला अधिक दाद देत नाही पण जास्त प्रसरतो, डायसिलिकेटचे नेमके उलट.

लेपाची मर्यादा वरच्या थरापेक्षा तळाच्या थराने ठरते, हे या विषयातले सर्वांत अडचणीचे सत्य. संमिश्र आणि सिरॅमिक यांना जोडणारा हा थर निव्वळ सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉन 1414° से.ला वितळतो. शिवाय लेपातून झिरपलेल्या वाफेने त्यावरही सिलिका चढतो. इंजिन निवताना, 220° से.च्या सुमारास, या सिलिकाचे स्फटिकरूप बदलते, तो आक्रसतो, भेगा पडतात आणि जाड झालेला थर वरच्या लेपासकट सुटून येतो.

वाळू व ज्वालामुखीची राख हे बाहेरचे शत्रू. कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या ऑक्साइडांचे हे मिश्रण 1200° से.च्या आसपास वितळून काचेसारखे पसरते आणि सिलिकेटाचा थर विरघळवते. वाळवंटी विमानतळांवरून उडणाऱ्या इंजिनांना हा त्रास विशेष.

2016 मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या लीप इंजिनात उच्चदाब टर्बाइनच्या पहिल्या टप्प्यातील पात्यांभोवतीचे स्थिर कडे या संमिश्राचे आहे. जीई9एक्समध्ये ज्वलनकक्षाची अस्तरे व स्थिर पातीही तशीच केली आहेत. सिलिकॉनच्या जागी अधिक ताप सोसणारा जोडथर शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत.