गाडीसाठी नेव्हिगेशन निवडताय? नेट नसलेल्या गावात, घाटात आणि पावसाळ्यात काय उपयोगी पडतं, वाचा सविस्तर

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्रीच्या वेळी अकोले तालुक्यातील कोतूळजवळ थेट पाण्यात गेली. मोबाईलवरच्या नकाशाने दाखवलेला रस्ता पुलावरून जात होता, पण तो पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे कसेबसे बाहेर पडले, चालकाचा बुडून मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला. तिथेही नकाशावर रस्ता सलग दिसत असल्याचं समोर आलं होतं.

म्हणून नकाशा वापरूच नये असं नाही. दवाखाना, बाजार समिती, लग्नकार्य, देवदर्शन अशा कामांसाठी आज खेड्यातला माणूसही मोबाईल लावूनच निघतो. मात्र शहरात चालणारी सोय आपल्या तालुक्यात तशीच चालेल असं नाही. निवड करताना काय पाहावं, याची ही माहिती.

जीपीएस वेगळं, नेट वेगळं

"रेंज गेली की जीपीएस बंद पडतं" हा मोठा गैरसमज आहे. गाडी कुठे आहे हे मोबाईलला उपग्रहांवरून कळतं, त्याला नेट लागत नाही. नेट लागतं ते नकाशा उतरवून घ्यायला आणि वाहतूक कोंडीची माहिती मिळायला. त्यामुळे नकाशा आधीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवला असेल तर रेंज नसली तरी रस्ता सापडतो.

जीपीएस ही अमेरिकेची यंत्रणा आहे. इस्रोने भारतासाठी उभारलेल्या यंत्रणेचं नाव नाविक. ही दोन्ही ॲप नाहीत, तर जागा सांगणाऱ्या उपग्रहांच्या यंत्रणा आहेत. खोल दरीत किंवा उंच कड्याखाली आकाशाचा तुकडाच दिसत असेल तर उपग्रहांचे संकेत कमी मिळतात आणि नकाशावरचा बाण इकडेतिकडे उड्या मारतो. अशा वेळी बाणापेक्षा समोरच्या रस्त्यावर विश्वास ठेवावा.

कोणते पर्याय आहेत?

गुगल मॅप्स : सर्वाधिक वापरात. दुकानं, पेट्रोल पंप, दवाखाने यांची माहिती भरपूर. एखादा भाग ऑफलाइन उतरवून ठेवता येतो. पण ऑफलाइन असताना कोंडीची माहिती आणि पर्यायी मार्ग मिळत नाहीत. उतरवलेला नकाशा काही काळाने जुना होतो, म्हणून वाय-फाय मिळालं की अपडेट करावा.

मॅपल्स : मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीचं ॲप. गतिरोधक, तीव्र वळण, खड्डे यांची आगाऊ सूचना देण्यावर याचा भर आहे. मोठ्या चौकात कोणत्या लेनमध्ये राहायचं ते चित्रातून दाखवतं. दोन ॲप ठेवायची असतील तर गुगलसोबत हे ठेवण्यासारखं आहे.

ऑरगॅनिक मॅप्स : ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशावर चालतं. मोफत, जाहिराती नाहीत, आणि मुळातच नेटशिवाय चालण्यासाठी बनवलेलं. डोंगरवाटा, पाऊलवाटा चांगल्या दिसतात. मात्र कोंडी कळत नाही, आणि गावागावातली माहिती कमी-जास्त असते.

गाडीतला स्क्रीन : नव्या गाड्यांत अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्ले असतं. यात नकाशा मोबाईलमधलाच चालतो, फक्त मोठ्या पडद्यावर दिसतो. म्हणजे मोबाईलची रेंज गेली की इथेही तीच अडचण. काही गाड्यांत कंपनीचाच नकाशा असतो. तो नेटशिवाय चालतो का, आणि अपडेटसाठी पैसे लागतात का, हे गाडी घेतानाच विचारून घ्यावं.

केवळ नकाशासाठी हजारो रुपयांचा स्क्रीन बसवण्याची गरज बहुतेकांना नाही. चांगला मोबाईल, घट्ट बसणारा स्टँड आणि गाडीतला चार्जर एवढं पुरतं. उन्हाळ्यात काचेजवळच्या उन्हात मोबाईल तापून बंद पडतो, म्हणून स्टँड एसीच्या जाळीजवळ किंवा सावलीत लावावा.

सेटिंगमधल्या चुका, ज्या गाडी पाणंदीत घालतात

पहिली चूक दुचाकीचा पर्याय चालू राहण्याची. काल मोटारसायकलवर गेलेला माणूस आज चारचाकी घेऊन निघतो, ॲप मात्र दुचाकीचाच रस्ता दाखवतं. मग गाडी बोळात किंवा शिवाररस्त्यावर अडकते.

दुसरी, "टोल टाळा" किंवा "महामार्ग टाळा" हे बटण चालू राहिलेलं असणं. टोलचे पैसे वाचतात, पण वीस किलोमीटर खडबडीत रस्ता पदरी पडतो.

तिसरी चूक गावाच्या नावाची. वडगाव, पिंपळगाव, निमगाव या नावाची गावं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. त्यात बुद्रुक वेगळं, खुर्द वेगळं. शोधताना तालुका आणि जिल्हा लिहावाच. जिल्ह्यांची नावं बदलली आहेत, त्यामुळे अहिल्यानगर टाकून सापडलं नाही तर अहमदनगर टाकून पाहावं. धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगरचंही तसंच.

वस्तीवर यायचं असेल तर पाहुण्यांना नुसतं गावाचं नाव सांगू नये. व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवावं आणि सोबत एक ओळ लिहावी : कोणत्या फाट्यावर वळायचं, मंदिर किंवा शाळा कोणत्या हाताला. रुग्णवाहिका बोलावतानाही हेच लक्षात ठेवावं. १०८ ला फोन केल्यावर फाट्यावर एक माणूस उभा केला तर गाडी लवकर पोहोचते.

ॲपला काय कळत नाही?

फरशी पुलावरून पाणी वाहतंय, घाटात दरड आली, रेल्वेखालच्या भुयारी मार्गात पाणी साचलं, यात्रेमुळे रस्ता वळवला, हे कुणीतरी कळवल्याशिवाय ॲपला समजत नाही. कमी गाड्यांच्या रस्त्यावर कळवणारेही कमी. साधी ॲप पुलाची वजनमर्यादा किंवा कमानीची उंचीही धरत नाहीत, त्यामुळे ऊसवाहतुकीची ट्रॉली, ट्रक किंवा उंच भरलेला टेम्पो चालवणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये.

ॲप सहसा कमी वेळेचा रस्ता निवडतं, चांगला रस्ता नाही. दहा मिनिटं वाचवण्यासाठी महामार्ग सोडून आत वळायला सांगितलं, तर आधी रस्त्याचा प्रकार पाहावा. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. रात्री अनोळखी भागात नारिंगी दगडांवर फार आत जाण्यापेक्षा लांबचा मोठा रस्ता बरा.

कायदा काय सांगतो?

१ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडी चालवताना मोबाईलचा वापर फक्त मार्ग पाहण्यासाठी, तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच करता येतो. पत्ता टाकायचा तो गाडी सुरू करण्याआधी. मध्येच बदलायचा असेल तर बाजूला थांबावं किंवा शेजारी बसलेल्याला सांगावं. मराठी आवाजात सूचना मिळतात का, ते सेटिंगमध्ये आधीच पाहून ठेवावं, म्हणजे पडद्याकडे सारखं बघावं लागत नाही.

निघण्यापूर्वी एवढं करा

• जायच्या आणि यायच्या संपूर्ण भागाचा नकाशा उतरवून ठेवा.
• चारचाकी की दुचाकी, ते तपासा.
• संपूर्ण मार्ग एकदा बोटाने सरकवून पाहा. नदी, धरण, घाट कुठे लागतो ते लक्षात घ्या.
• पावसाळ्यात तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन करून रस्ता चालू आहे का विचारा.
• रात्री प्रवास असेल तर घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवा.
• ११२ (आपत्कालीन मदत) आणि १०३३ (राष्ट्रीय महामार्ग मदत) हे क्रमांक जवळ ठेवा.
• पाणी वाहत असलेल्या पुलावर गाडी घालू नका, नकाशा काहीही सांगो.

गावकऱ्यांचंही काम

आपल्या गावचा पूल पडला, रस्ता बंद झाला किंवा नकाशावर नसलेला रस्ता दाखवतोय असं दिसलं, तर ते ॲपमध्ये कळवता येतं. गुगल मॅप्समध्ये चुकीची नोंद सुचवण्याची सोय आहे, ओपनस्ट्रीटमॅपवर तर खातं उघडून कुणीही दुरुस्ती करू शकतो. सोबत ग्रामपंचायत आणि बांधकाम विभागाला लेखी कळवून धोक्याचा फलक आणि अडथळा लावून घ्यावा. कारण रात्रीच्या अंधारात येणाऱ्या परक्या माणसाला गावचा बुडालेला पूल माहीत नसतो, आणि मोबाईल बघून येणाऱ्याला रस्त्यावर आडवा ठेवलेला अडथळाच थांबवू शकतो.