आधी खोली, मग रस्ता

मुंबईतल्या जुन्या गल्लीत रुंदीकरणाची नोटीस लागली की रहिवाशांचा पहिला प्रश्न असतो, 'आम्ही जायचं कुठं?' रस्ता हवा असणाऱ्यांना हा प्रश्न विकासाच्या आड येणारा वाटतो. या शहराने रस्ते रुंद करण्याचा पहिला मोठा उद्योग कसा केला हे पाहिलं, तर रहिवाशांची ही भीती आडमुठेपणातून आलेली नाही, अनुभवातून आलेली आहे, हे पटायला हरकत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, रुग्ण ओळखले आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. व्यापार बसला, गिरण्यांना हात मिळेनात. रोग दाट वस्तीतल्या ओल, अंधार आणि कोंदट हवेमुळे पसरतो, अशी तेव्हाच्या अधिकाऱ्यांपैकी पुष्कळांची समजूत होती. त्या समजुतीतून गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कारकिर्दीत, १८९८ च्या कायद्याने, मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पश्चिमेच्या समुद्रावरचा वारा शहराच्या पोटात शिरावा म्हणून पश्चिम-पूर्व रस्ते आखले गेले. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग, आणि सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हे त्यांतले ठळक. त्याच १८९८ मध्ये पॉल-लुई सिमोंद यांनी कराचीत उंदरांवरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो हे दाखवून दिलं होतं. पुढे परळच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनानेही ते पक्कं केलं. उजेड आणि हवा माणसाला हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण प्लेगवरचा उपाय म्हणून रस्त्यांना दिलेला आधार काही वर्षांतच ढासळला, तरी पाडकाम चालूच राहिलं.

या पाडकामाचा भार कोणावर पडला, हा इतिहासाचा खरा गाभा आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जागामालकाला बाजारभाव आणि सक्तीच्या संपादनापोटी वर १५ टक्के मोबदला होता. महिन्याच्या भाड्याने एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाकडे मात्र मोबदला मागावा असा हक्क जवळपास नव्हताच. गोदीतला हमाल, गिरणीतला कामगार, कोकणातून किंवा देशावरून आलेला गडी त्या गल्लीत राहत होता तो काम पायी गाठता येत होतं म्हणून. उधारी देणारा वाणी, जेवण घालणारी खाणावळवाली आणि रात्री पाठ टेकायला जागा देणारे गाववाले तिथेच होते. खोली गेली की हे सगळंच जाई. ट्रस्टने आग्रीपाडा, नागपाडा, चंदनवाडी अशा ठिकाणी चाळी बांधल्या हे खरं, पण सुरुवातीच्या वर्षांत पाडकाम पुढे आणि बांधकाम मागे अशीच स्थिती राहिली. घर गेलेली माणसं शेजारच्या गल्लीत शिरली, तिथली भाडी वाढली आणि एका खोलीतली डोकीही वाढली. दाटी रस्त्याच्या रेषेतून उठली आणि दोन गल्ल्या पलीकडे जाऊन बसली.

हे केवळ टीकाकारांचं म्हणणं नव्हतं. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीच पुढे भर दिला तो जुनी वस्ती पाडण्याआधी उत्तरेकडची मोकळी जमीन वसवण्यावर. दादर-माटुंग्याच्या योजना, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्या धोरणातून उभ्या राहिल्या. ट्रस्टच्या समर्थनार्थ नेहमी याच वसाहती दाखवतात आणि त्या चांगल्या आहेतच. पण त्या मोकळ्या जमिनीवर उभ्या राहिल्या आणि तिथे गेला तो मुख्यतः पगारदार मध्यमवर्ग. मांडवीच्या हमालाला माटुंगा परवडणारा नव्हता.

रुंद रस्त्याशिवाय बंब आणि रुग्णवाहिका आत येणार कशा, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देता कामा नये. १८०३ च्या आगीत कोटातली दाट वस्ती मोठ्या प्रमाणावर जळाली होती. अरुंद गल्ल्यांचं गौरवगान करणाऱ्यांनी ते आठवावं. तरीही बंब येण्यासाठी किती रुंदी लागते आणि वाहनांच्या सोयीसाठी किती मागितली जाते, हे दोन वेगळे हिशेब आहेत. नोटिशीत ते वेगवेगळे मांडायला हवेत. १९१४ मध्ये भारतात आलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे पॅट्रिक गेडिस वेगळा मार्ग सांगत होते. सरळ रेषेचा रस्ता वस्तीतून ओढण्याऐवजी मोडकळीला आलेली मोजकी घरं काढावीत, विहिरी आणि चौक मोकळे करावेत, म्हणजे हवाही येते, खर्चही घटतो आणि माणसंही जागेवर राहतात. दुसरा आक्षेप असा की विरोधामागे मालकांचा जादा मोबदल्याचा डाव असतो. काही वेळा असतोही, ट्रस्टच्या काळातही होता. पण त्याची शिक्षा भाडेकरूला का? मालक आणि भाडेकरू यांचे हितसंबंध एक धरल्यामुळेच भाडेकरूचं गाऱ्हाणं दरवेळी मालकाच्या हावेखाली गाडलं गेलं.

१९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, पण विचाराची पद्धत टिकली. १८८८ च्या महापालिका कायद्यातली रस्तारेषा, म्हणजे रस्त्याची हद्द ठरवणारी तरतूद, अजून लागू आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून रस्त्यासाठी जागा देणाऱ्या मालकाला टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, मिळतो. म्हणजे पुन्हा मोजली जाते ती जमीन. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मात्र शहरातल्या जमिनीवर तीन वर्षं किंवा अधिक काळ राहणाऱ्या कुटुंबालाही बाधित मानलं. भाडेकरूच्या दृष्टीने हा मोठा पालट आहे. पण रस्त्याची जागा या कायद्याने न घेता रस्तारेषेने आणि टीडीआरने घेतली, की त्याचं संरक्षण भाडेकरूपर्यंत पोचतच नाही. म्हणून रहिवाशांनी हरकती नोंदवताना रस्ता नको एवढंच लिहू नये. नेमकी किती रुंदी आणि कशासाठी, बाधितांच्या यादीत भाडेकरू, पोटभाडेकरू आणि गाळेवाले आहेत का, पर्यायी खोली त्याच वॉर्डात आहे का आणि तिची किल्ली पाडकामाआधी हातात पडणार का, हे लेखी विचारावं. लेखी उत्तर येईपर्यंत खोली रिकामी करू नये.