राजीनामा कोणाचा?

मारहाणीची फिर्याद देणारा माणूस खटला उभा राहण्यापूर्वी ‘केस मागे घ्यायची आहे’ असे म्हणत ठाण्यात येतो, याचे भिवंडीच्या निजामपुऱ्यासारख्या दाट वस्तीत नवल वाटू नये. मारणारा आणि मार खाणारा उद्या पुन्हा एकाच गल्लीत भेटणार असतात. पण ती केस त्याची असते काय? या प्रश्नाचा इतिहास आम्हांस एका शब्दात साठलेला दिसतो.

आज राजीनामा म्हणजे पदत्याग. पेशवाईत मात्र पंचायतीपुढे जाणारे पक्ष ‘होईल तो निवाडा मान्य’ असे आधी लिहून देत, तो राजीनामा. हरणारा शेवटी यजितखत देई. वतनाच्या आणि देण्याघेण्याच्या तंट्यांत पक्षकारांची संमती हा न्यायाचा पाया होता. १८६० ची दंडसंहिता आणि १८६१ ची फौजदारी प्रक्रिया संहिता यांनंतर फौजदारी गुन्ह्यांत राज्य हाच वादी, ही कल्पना पक्की झाली. जखमी माणूस उरला साक्षीदार.

तरीही संमतीला एक फट राहिली. १८९८ च्या संहितेत कलम ३४५, १९७३ च्या संहितेत ३२० आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ३५९. साधी दुखापत असेल तर जखमी व्यक्ती स्वतः तडजोड करू शकते; गंभीर दुखापतीला न्यायालयाची परवानगी लागते; घातक हत्याराने केलेली दुखापत या यादीत नाही. तडजोड झाली की आरोपी निर्दोष सुटतो. खटला काढून घेण्याचा अधिकार मात्र सरकारी वकिलाचा, तोही न्यायालयाच्या संमतीने. आणि कलम ३६० नुसार त्याआधी पीडिताचे म्हणणे ऐकणे आता बंधनकारक आहे.

भिवंडीला तडजोडीची किंमत ठाऊक आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनंतर, १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या बांधल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता हे शहर शांत राहिले. शेजाऱ्यांनी एकत्र बसण्याचे मोल यातून दिसते. पण दबावाखाली दिलेली कबुलीही कागदावर संमतीसारखीच दिसते. म्हणून गंभीर गुन्ह्यात न्यायालय मध्ये उभे राहते, ते जखमी माणसाचा हक्क हिरावण्यासाठी नव्हे. ‘राजी’ हा शब्द त्याचाच आहे की त्याच्याकडून वदवून घेतलेला, हे कोणीतरी विचारावे लागते.