वीर-महाडची भाजावळ
वीर, महाड आणि पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात भाताचे रोप तयार करण्याआधी जमीन भाजण्याची जुनी रीत आहे. तिला राब किंवा भाजावळ म्हणतात. रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण पसरायचे, त्यावर टहाळे, मग गवत-पातेरा आणि शेवटी बारीक माती. वरच्या मातीमुळे आग भडकत नाही, नुसती धुमसते. खालची जमीन सावकाश भाजून निघते आणि तणाचे बी मरते. पावसाच्या तोंडाशी तिथे भात पेरतात.

या रीतीत टाकाऊ असे फारसे उरत नसे. पेंढा गुरांना जाई, गुरांचे शेण राबाला, राबाचे रोप पुन्हा खाचरात. वरकस जमिनीत नाचणी-वरी घेऊन झाली की ती पड टाकत, आणि तिच्यावरची ऐन-किंजळाची झाडे टहाळासाठी सांभाळत. शहरांच्या आजच्या चक्रीय अर्थव्यवस्थेच्या धोरणांना जे साधायचे आहे, ते इथे गोठा आणि डोंगर यांच्यामध्ये चालत होते. मात्र त्याला डोंगरावरचा हक्क लागे.

1878 च्या वन कायद्याने घाव घातला तो याच हक्कावर. राखीव जंगलात टहाळ तोडणे गुन्हा ठरू लागले. जंगल खात्याच्या जाचावर जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये आसूड ओढलाच होता. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतली गाऱ्हाणी वाढली, तेव्हा मुंबई सरकारने 1885 मध्ये वन आयोग नेमला. त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. राब म्हणजे जंगलाची नासाडी, असे वनाधिकारी म्हणत. राब नाही तर भात नाही, असे शेतकरी. वर्षानुवर्षे छाटलेले ऐन खांबासारखे बोडके दिसत, तेव्हा अधिकाऱ्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण टहाळ बंद केल्यावर शेतकऱ्याने रोपाला काय घालावे, याचे धड उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. पुढे 1912 मध्ये कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राबावर शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. राबाचा गुण एकट्या राखेचा नाही, माती तापण्याचाही आहे, हे त्यातून पुढे आले. शेतकरी भाजण्यासाठी उगाच हट्ट धरत नव्हते.

राब मागे पडला तो मात्र कायद्यापेक्षा इतर कारणांनी. माणसे मुंबईला गेली, गोठे रिकामे झाले. त्यातच 1985 मध्ये अलिबागजवळ थळचा खत कारखाना सुरू झाला आणि युरिया जिल्ह्यातच तयार होऊ लागला.

जुन्या चक्राचा काही भाग कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत परत आला. भाताचे अवशेष शेतातच फिरवणे, गिरिपुष्पाचा पाला गाडणे, ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या, ही ती चार सूत्रे. रोपवाटिकेत तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळतात. तिच्यासाठी एकाही ऐनाची फांदी तोडावी लागत नाही.