रणवाहनांची मालकी आणि कायदा

१३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने भारतीय सैन्याचे रणगाडे हैदराबाद संस्थानात शिरले. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी त्या मोहिमेचे सेनानी होते. १८ सप्टेंबरला निजामाच्या फौजेने शरणागती पत्करली. त्याआधी अठरा वर्षे, मे १९३०मध्ये, याच शहराने मार्शल लॉ सोसला होता. लष्कर म्हणजे कधी जुलूम आणि कधी मुक्ती, ही दोन्ही रूपे सोलापूरने पाहिली आहेत. म्हणून लष्करी वाहनांचा इतिहास हा आपल्या शहराच्या इतिहासाचाही एक भाग होय.

सेवेतून उतरलेल्या या वाहनांचे पुढे काय होते? बहुतेक भंगारात जातात. काही नगरच्या रणगाडा संग्रहालयात विसावतात. ते १९९४ साली सुरू झाले. काही मात्र नागरिकांच्या हाती येतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने उरलेल्या जीपगाड्या विकल्या, तेव्हापासून हे चालत आले आहे. अशी गाडी खाजगी माणसाने बाळगावी काय, असे कोणी विचारील. कायद्याचे उत्तर ‘बाळगावी, पण अटींवर’ असे आहे.

पहिली अट नोंदणीची. लष्कराच्या वाहनांची नोंद १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६०नुसार वेगळी होते. लिलावात घेतलेली गाडी रस्त्यावर आणायची, तर परिवहन कार्यालयात नव्याने नोंदवावी लागते. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना स्वतंत्र दर्जा दिला. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र ही गाडी रोजच्या वापरास नाही. प्रदर्शन, संशोधन, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती बाहेर काढता येते.

दुसरी अट शस्त्राची. १९५९चा शस्त्र कायदा तोफेला निषिद्ध शस्त्रांत घालतो. केंद्र सरकारच्या खास परवानगीवाचून ती बाळगता येत नाही. जुनाट वा मोडकी, दुरुस्त करूनही न चालणारी शस्त्रे मात्र कलम ४५ वगळते. म्हणजे गाडीचा इतिहास राखावा, पण तिच्या तोफेची मारकशक्ती नाही, हा कायद्याचा आशय.

तिसरी अट मोठी मौजेची आणि तितकीच अडचणीची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे लष्कराखेरीज कोणाच्याही गाडीला ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही. तोतया सैनिकांनी लोकांना फसवू नये, हा हेतू योग्यच आहे. पण एक नियम म्हणतो, गाडी मूळ रूपात ठेवा. दुसरा म्हणतो, तिचा मूळ रंग लावू नका. प्रामाणिक संग्राहकाने करावे काय? ‘व्हीए’ क्रमांकाने ओळख पटते, तेव्हा अशा नोंदणीकृत वाहनांना ठराविक चिन्हासह रंगाची सवलत द्यावी, एवढाच विवेक पुरेसा आहे.

अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांची खडखड ऐकणाऱ्या आपणांस हे सांगायला नको, की चालते ठेवलेले यंत्र टिकते आणि पडून राहिलेले गंजते. गाड्यांचेही तेच. सरकारी संग्रहालयाला प्रत्येक गाडी ठेवणे शक्य नाही. उरलेला वारसा नागरिकच सांभाळतील. कायद्याने त्यांना संशयित न मानता जबाबदार विश्वस्त मानावे, आणि त्यांनीही त्या विश्वासाला पात्र राहावे.